बादलीत मूठभर मीठ टाकल्याने त्वचेचं काय होतं?

पावसाळा सुरू झाला की खड्या मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. तळाशी पाणी साचतं, चुकून आत राहिलेला लोखंडी चमचा गंजतो आणि घरातलं कोणीतरी बरणीत चार तांदळाचे दाणे टाकून ठेवतं. त्याच फडताळातल्या पिशवीतलं बारीक आयोडीनयुक्त मीठ मात्र बऱ्यापैकी सुटं राहतं. दोन्ही समुद्राचीच. फरक आहे तो मॅग्नेशियमचा. आणि समुद्री मिठाने अंघोळ केल्यावर त्वचा सुधारते या म्हणण्यात जेवढं तथ्य आहे, ते बहुतेक सगळं या मॅग्नेशियमभोवतीच फिरतं.

हल्ली ‘बाथ सॉल्ट’ नावाने काचेच्या देखण्या बरण्या विकायला असतात. कोरडी त्वचा मऊ होते, खाज थांबते, जंतू मरतात, शरीरातली घाण ओढून निघते, मॅग्नेशियम अंगात मुरतं, झोप छान लागते, अशी लांबलचक यादी त्यांच्यावर छापलेली असते. यातली पहिली गोष्ट विशिष्ट परिस्थितीत खरी आहे, दुसरी कधीकधी. बाकीच्या कशा आल्या हे समजून घ्यायला आधी मिठागराच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागेल.

मिठागरात काय राहतं, काय जातं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातले सुमारे ८५ टक्के म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, आपलं जेवणातलं मीठ. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे मंडळी. मॅग्नेशियम लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं.

उरण-पेणच्या बाजूला, वसईकडे, गोव्यात आगरवाड्याला किंवा १९३० च्या सत्याग्रहामुळे आपल्याला नावाने ठाऊक असलेल्या शिरोड्याला मीठ पिकवण्याची मूळ रीत एकच. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांमधून एकातून दुसऱ्यात फिरवायचं आणि बाकीचं काम उन्हावर सोडायचं. पाणी आटत जातं तसे क्षार एकदम बाहेर पडत नाहीत, ओळीने पडतात. आधी चुनखडी बसते, मग जिप्सम. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला की खऱ्या मिठाचे दाणे धरायला लागतात. ते ओढून बांधावर ढीग लावला की वाफ्यात एक दाट, जिभेला कडू लागणारं पाणी उरतं. मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यांत जास्त विरघळणारे, म्हणून ते शेवटपर्यंत पाण्यातच राहतात आणि या कडू पाण्याबरोबर निघून जातात.

म्हणजे मीठ गोळा होतं तेव्हाच मॅग्नेशियमचा मोठा भाग मागे राहिलेला असतो. खड्यांना चिकटून आलेल्या ओलाव्यात थोडा येतो तेवढाच. हे मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेतं, म्हणून जुलैमध्ये बरणी पाझरते. कारखान्यात मीठ धुतलं, वाळवलं, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पूड मिसळली की तोही अंश जवळपास संपतो. ‘नैसर्गिक समुद्री मीठ’ म्हणजे काय, तर ज्याला थोडं कडू पाणी चिकटून राहिलं आहे असं मीठ. त्याचा करडा रंग बहुधा मिठागराच्या चिखलाचा असतो. त्यात औषध शोधायला जाऊ नये.

गुलाबी मिठाचाही इथेच निकाल लावू. ते पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतून येतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं आहे, हे खरं. पण त्यात ९८ टक्क्यांच्या आसपास सोडियम क्लोराइडच असतं आणि गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या जातीतल्या पदार्थाचा. दिवा करून कोपऱ्यात ठेवायला सुंदर. एप्सम सॉल्ट मात्र वेगळंच प्रकरण आहे. ते मॅग्नेशियम सल्फेट, इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यावरून नाव पडलेलं. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत ते पूर्वीपासून जुलाबासाठी मिळतं.

त्वचेचा वरचा थर

आपल्या कातडीचा सगळ्यांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीही नसते. तळहात-तळपायांवर तेवढा तो जाड. कौलारू छपरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात तशा या चपट्या पेशी एकमेकींवर पंधरा-वीस थरांत रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्निग्धाम्लं अशा तेलकट पदार्थांनी बुजवलेल्या असतात. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं काही आत येऊ द्यायचं नाही, हे याचं काम. पेशींच्या आत अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टेट असे पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. त्वचा मऊ लागते ती त्यांच्यामुळे.

काहींच्या बाबतीत हा थर जन्मतःच कच्चा असतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असेल, तर इसब होण्याचा धोका बराच वाढतो. हे प्रथिन पुढे तुटून त्यातूनच पाणी धरणारे ते पदार्थ तयार होतात. ते कमी पडले की पाणी उडून जातं, थराला भेगा पडतात, भेगांतून धूळ, साबण, जंतू आत शिरतात, दाह होतो, खाज सुटते, खाजवल्याने थर आणखी उखडतो. आईबाप बाळाला रात्रभर खाजवताना बघतात आणि सकाळी कोणीतरी सांगतं, ‘मिठाच्या पाण्याने अंघोळ घाला.’

साध्या पाण्यात बराच वेळ बसलं तर गंमत अशी होते की त्वचा आधी फुगते आणि नंतर जास्त कोरडी पडते. पाण्याबरोबर ते धरून ठेवणारे पदार्थही वाहून जातात, आणि अंघोळीनंतर पाणी भराभर उडून जातं. गोड पाण्यात क्षार नसल्यामुळे ते पेशींत शिरू पाहतं. पाण्यात क्षार असले की ही ओढ कमी होते. सलाइनच्या बाटलीत असतं तसं लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के, हे आपल्या शरीरद्रवांशी जुळणारं प्रमाण. म्हणून कातडी सोलवटलेली असताना गोड्या पाण्याने झोंबतं आणि या प्रमाणातल्या मिठाच्या पाण्याने बरंच कमी झोंबतं. इसब खूप चिघळलेलं असताना अंघोळीच्या पाण्यात थोडं मीठ टाका असं काही त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, ते याचसाठी. मीठ इथे उपचार करत नाही, अंघोळ सुसह्य करतं. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार खड्यांना लागू आहे, सलाइनला नाही.

(पाण्यात बोटं सुरकुततात ती मात्र पेशी फुगल्यामुळे नाही. ती मज्जातंतूंच्या आज्ञेने आकसतात. बोटाची नस तुटली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुततच नाही, हे डॉक्टरांना १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे.)

मृत समुद्र आणि कीलचा प्रयोग

समुद्रस्नानाला औषध म्हणून मान मिळाला तो अठराव्या शतकात. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने १७५० मध्ये समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर प्रबंध लिहिला आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर रोग्यांची रीघ लागली. हा गृहस्थ त्यांना ते पाणी प्यायलाही लावत असे, त्यामुळे त्याच्या सगळ्याच सल्ल्यांवर विसंबू नये.

आजचा बहुतेक पुरावा येतो तो मृत समुद्राकडून. इस्रायल आणि जॉर्डनच्या मधलं हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे. त्याच्या एका लिटर पाण्यात ३४० ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, साध्या समुद्राच्या जवळजवळ दसपट. पण महत्त्वाचा फरक प्रमाणात नाही, जातीत आहे. तिथे निम्म्याच्या आसपास वाटा मॅग्नेशियम क्लोराइडचा आणि सोडियम क्लोराइड त्याच्या मागे. मॅग्नेशियम लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर. आपल्या मिठागरात जे कडू पाणी टाकून दिलं जातं, जवळपास तसंच काहीतरी तिथे निसर्गाने साठवून ठेवलं आहे.

जर्मनीतल्या कील इथल्या त्वचारोगतज्ज्ञ एऱ्हार्ट प्रोक्श आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोरड्या, इसबाकडे झुकणाऱ्या त्वचेच्या लोकांना त्यांनी एक हात कोपरापर्यंत मृत समुद्राच्या मिठाच्या ५ टक्के द्रावणात १५ मिनिटं बुडवून ठेवायला सांगितला, दुसरा हात साध्या नळाच्या पाण्यात. असं काही आठवडे चाललं. त्वचेतून किती पाणी उडतं, ओलावा किती टिकतो, खरखर आणि लाली किती, हे यंत्रांनी मोजलं. मिठातला हात सुधारला: पाणी उडणं कमी झालं, ओलावा वाढला, लाली उतरली. माणूस तोच, हवा तीच, फक्त हात वेगळा, म्हणून हा प्रयोग मला आवडतो. पण तो लहान आहे, हातापुरता आहे आणि त्यानंतर त्याच तोलाचे मोठे प्रयोग झालेले नाहीत, हेही सांगायला हवं.

मॅग्नेशियम नेमकं काय करतं? दोन धागे हाती आहेत. एक, ते पाणी धरून ठेवतं आणि उखडलेला वरचा थर लवकर सांधायला मदत करतं, असं जपानी संशोधकांना उंदरांच्या त्वचेवर दिसलं होतं. दुसरं, २००० मध्ये फ्रायबुर्गच्या संशोधकांनी दाखवलं की मॅग्नेशियममुळे त्वचेतल्या पहारेकरी पेशी, ज्या बाहेरचं काही दिसलं की आरडाओरड करून दाह सुरू करतात, त्या थोड्या शांत होतात.

सोरायसिसचे रोगी मृत समुद्राला जाऊन तीन-चार आठवडे राहतात आणि पुष्कळांना आराम पडतो, हे खरंच आहे. पण तिथे मिठाबरोबर ऊन असतं. ४३० मीटर जास्तीच्या हवेतून गाळून आल्यामुळे भाजणारे अतिनील किरण तिथे थोडे सौम्य होतात आणि रोग्याला उन्हात जास्त वेळ बसता येतं. सोरायसिसवर अतिनील किरण हा मान्यताप्राप्त उपचार आहे. मिठाच्या पाण्याने खपल्या भिजून मऊ होतात आणि किरण आत पोचतात. शिवाय महिनाभर ऑफिस नाही, स्वयंपाक नाही, लोकल नाही. या तिन्हींत मिठाचा वाटा किती, ते वेगळं काढणं सोपं नाही. ते श्रेय एकट्या मिठाच्या बरणीवर छापायचं, हे काही पटत नाही.

आता आपली बादली

कीलच्या प्रयोगातलं प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. आपली प्लास्टिकची बादली वीस लिटरची धरली तर त्यात एक किलो मीठ लागेल. साध्या समुद्राइतकं खारट करायला ७०० ग्रॅम. परदेशात राहणाऱ्या आपल्या भावंडांच्या घरी टब असतो, त्यात दीडशे लिटर पाणी धरलं तर ५ टक्क्यांसाठी साडेसात किलो.

आपण टाकतो मूठभर. मोठी मूठ, ५० ग्रॅम समजू. वीस लिटरमध्ये ते पाव टक्का झालं. समुद्राच्या चौदाव्या भागाएवढं, सलाइनच्याही पाव पटीच्या जरा वर. आता त्यातलं मॅग्नेशियम. न धुतलेल्या खड्या मिठात ते उदार मनाने एक टक्का धरू. ५० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम, वीस लिटरवर वाटलं की लिटरला २५ मिलिग्रॅम. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम चालतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या जड पाण्याच्या बोअरवेलमध्ये तुमच्या मीठवाल्या बादलीपेक्षा जास्त मॅग्नेशियम आधीपासूनच असू शकतं. कीलच्या पाण्यात ते लिटरमागे काही ग्रॅम होतं. फरक शंभरपटीच्या घरातला आहे.

शिवाय तिथे हात पंधरा मिनिटं बुडवलेला होता. आपण तांब्याने किंवा मगाने पाणी ओततो. अंगावरच्या एखाद्या जागेशी त्या पाण्याचा संबंध येतो काही सेकंद. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढण्याशी या अंघोळीचं नातं जास्त जवळचं वाटतं. त्यात वाईट काही नाही, मनाला बरं वाटत असेल तर करावं. पण त्याला त्वचेवरचा उपचार म्हणू नये.

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारेल: मॅग्नेशियम चांगलं, तर मॅग्नेशियमने भरलेल्या जड पाण्याने त्वचा कोरडी का पडते? प्रश्न रास्त आहे. उत्तर साबणात आहे. साबण आणि जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र आले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बोअरच्या पाण्याच्या गावात बादलीच्या कडेला पांढरट कडं धरतं ते तेच. हा साका त्वचेवरही बसतो. जड पाण्याने धुतलेल्या त्वचेवर साबणातली द्रव्यं जास्त चिकटून राहतात आणि त्रास देतात, असं ब्रिटिश संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. तिकडे त्याआधी ३३६ इसबवाल्या मुलांच्या घरी पाणी मऊ करणारी यंत्रं बसवून पाहिली होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला तो निराशाजनक: इसबात फरक पडला नाही. त्वचेचे प्रश्न पाण्यातला एखादा क्षार घालून किंवा काढून सहसा सुटत नाहीत.

यातून एक व्यवहारातली गोष्ट मात्र निघते. मिठाच्या पाण्यात साबण वापरू नये. कोकणात विहिरीचं पाणी मचूळ झालं की साबणाला फेस येत नाही, हे तिथल्या कोणालाही विचारा. समुद्रात पोहून आल्यावर आधी गोड्या पाण्याने अंग धुतात, मग साबण लावतात, तोच क्रम घरीही ठेवावा.

जंतू, घाण, मुरणं

मिठाने जंतू मरतात हे लोणच्याच्या बरणीत खरं आहे. त्वचेवर प्रश्न असा की इसबाच्या त्वचेवर सगळ्यांत जास्त धुमाकूळ घालणारा जंतू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हा मिठाला घाबरतच नाही. प्रयोगशाळेत त्याला इतर जंतूंपासून वेगळं काढायचं असतं तेव्हा मुद्दाम साडेसात टक्के मीठ घातलेल्या थाळीवर वाढवतात. बाकीचे बहुतेक जंतू तिथे रखडतात, हा मजेत वाढतो. साडेसात टक्क्यांत जो मजेत राहतो, त्याला आपल्या पाव टक्क्याचं काय?

खरुजेसाठी मुलाला समुद्रात बुडवून आणायची किनारपट्टीवरची जुनी पद्धत आहे. खरूज होते ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदे खणून राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यामुळे. समुद्राच्या पाण्याने खाज तासभर कमी वाटेल, किडा जात नाही. त्याला परमेथ्रिनचं मलम लागतं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. गजकर्णाचंही तसंच. ती बुरशी आहे. मिठाने ती जात नाही, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी तर ती देशभर हट्टी होऊन बसली आहे. गोल चट्टा दिसला की मीठही नको, मलमही नको, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

मग ‘शरीरातली घाण ओढून काढते’ हा दावा. मीठ ओढतं ते पाणी. शरीरातले टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडं आणि यकृत बाहेर काढतात, त्यांना तळपायातून जायला रस्ता नाही. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात पायाचं ‘डिटॉक्स’ यंत्र पाहिलं असेल: खारट पाण्यात पाय, आत विजेचा तुकडा, आणि दहा मिनिटांत पाणी तांबूस-तपकिरी. विक्रेता म्हणतो, बघा किती घाण निघाली. तो रंग यंत्रातल्या लोखंडी पट्ट्या खारट पाण्यात विजेमुळे गंजल्याचा असतो. पाय बाहेर काढून यंत्र चालवून दाखवा म्हणावं, पाणी तितकंच तांबूस होतं.

मॅग्नेशियम त्वचेतून अंगात मुरतं का, याचा आढावा २०१७ मध्ये काही संशोधकांनी घेतला. अंगात मॅग्नेशियम वाढवायला त्वचेचा मार्ग वापरावा, असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. आणि ते स्वाभाविकच आहे. त्वचेचा सगळा खटाटोप बाहेरचं आत येऊ नये यासाठीच असतो. नाचणी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या खाव्यात.

जास्त मीठ म्हणजे जास्त फायदा, असं तर मुळीच नाही. मिठागरात वर्षानुवर्षं दाट खाऱ्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायांची कातडी जाड, राठ होते, तिला भेगा पडतात आणि जखमा लवकर भरत नाहीत. कच्छच्या रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांबद्दल तर असं सांगतात की त्यांचे पाय चितेतही लवकर जळत नाहीत. मीठ दररोज, दाट आणि तासन्‌तास लागलं तर त्वचेचं काय होतं, ते समजायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

तरीही करून बघायचं असेल तर

अख्ख्या अंगाला टब लागतो आणि किलोंनी मीठ लागतं. हातांना किंवा पायांना मात्र घमेलं पुरतं. पाच लिटर कोमट पाण्यात पाव किलो मीठ टाकलं की ५ टक्के झाले. मॅग्नेशियम हवं असेल तर पुडीवर ‘मॅग्नेशियम क्लोराइड’ किंवा मृत समुद्राचं मीठ असं लिहिलेलं बघून घ्यावं. किंमत जास्त आणि घटकांत पहिलं नाव सोडियम क्लोराइड असेल तर तुम्ही काचेची बरणी विकत घेताय. सुगंध आणि रंग घातलेलं टाळावं, इसबाच्या त्वचेला सुगंधाची ॲलर्जी सहज होते. पाणी कोमट म्हणजे मनगटावर ऊन न लागणारं. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. नंतर गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा, नाहीतर वाळलेलं मीठ त्वचेवरच राहून ती ओढल्यासारखी होते. समुद्रावरून आल्यावर गाल ताणल्यासारखे वाटतात, तसं.

मग पंच्याने घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, जाडसर मलम, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. खरं काम इथे होतं. २०१८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये इसबवाल्या ४८२ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. अंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलकट औषधांचा काही जास्तीचा फायदा होतो का, हे तिच्यात पाहिलं. फरक जवळपास शून्य निघाला. त्या सगळ्या मुलांना अंगाला लावायचं मलम मात्र चालूच होतं. पाण्यात घातलेलं बहुतेक मोरीतून वाहून जातं, अंगावर चोपडलेलं अंगावर राहतं. तुमच्याकडे खर्चायला दोनशे रुपये असतील तर बाथ सॉल्टऐवजी वास नसलेल्या मलमाची मोठी डबी घ्या, असं मी कोणालाही सांगेन.

मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवत बसू नये, मीठ असो वा नसो. पायांची संवेदना कमी झालेली असते, पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीला झालेली बारीक इजा महागात पडते. आजी-आजोबांच्या भेगाळलेल्या टाचांसाठी घमेलं काढण्याआधी त्यांची साखर माहीत असू द्या. उघड्या, पू झालेल्या जखमांवरही हा प्रयोग नको. आणि तान्ह्या बाळांवर तर अजिबात नको. तुर्कस्तानात नवजात बाळाच्या अंगाला मीठ चोळायची जुनी चाल होती. बाळाची कोवळी त्वचा मीठ आत घेते, रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जातं आणि बाळं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्रस्नानाने त्वचा सुधारेल अशी आशा धरणाऱ्यांनी मोऱ्यांचं पाणी कुठे सोडलं जातं ते एकदा पाहावं. स्वच्छ समुद्रातही पोहल्यानंतर माणसाच्या त्वचेवर समुद्रातले जंतू काही तास बसून राहतात. अंगावर ताजी जखम असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्यातल्या काहींपासून गंभीर संसर्ग होऊ शकतो. वेळणेश्वर, गुहागर, आरवलीसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांनी खुशाल डुंबावं, आल्यावर विहिरीच्या पाण्याने खळखळून अंघोळ करावी आणि खोबरेल लावावं.

एक शेवटची सूचना बागकाम करणाऱ्यांसाठी. पाय भिजवलेलं ५ टक्क्यांचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका, समुद्राहून खारट असतं ते. मोरीत ओता आणि वर दोन तांबे साधं पाणी सोडा, जाळीला गंज चढणार नाही.